नांदगावचे दोन आकडे



नांदगाव हे नाव आपल्या देशात दुर्मिळ नाही. नाशिक जिल्ह्यात रेल्वेचे नांदगाव आहे. अमरावती शहराच्या उशाशी नांदगाव पेठ आहे. छत्तीसगडात राजनांदगाव आहे. आणि अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे नांदगाव खंडेश्वर आहे. मोटारीत बसविलेल्या मार्गदर्शक यंत्राला, ज्याला सर्वजण जीपीएस म्हणतात, नुसते 'नांदगाव' असे सांगितले, तर ते बिचारे गोंधळून पाचपन्नास गावांची यादी पुढे करते. दिवसाढवळ्या लग्नाला निघालेल्या मंडळींना ह्यात थोडा विनोद वाटेल. परंतु मध्यरात्री शेतावरील वस्तीत कोणी अत्यवस्थ असेल आणि रुग्णवाहिकेला वाट सापडत नसेल, तर ह्याच नामसादृश्याची किंमत फार जबर पडते.

त्याच यंत्राच्या पोटात गावाचे दुसरेही एक नाव असते. ते दोन आकड्यांचे आहे. नांदगाव खंडेश्वरापुरते बोलावयाचे तर उत्तर अक्षांश सुमारे २०.७ आणि पूर्व रेखांश सुमारे ७७.९. पृथ्वीच्या पाठीवर ह्या नावाचे दुसरे ठिकाण नाही. हे दोन आकडे आपल्या हाती कसे आले, त्यांच्यासाठी कोणी काय खस्ता खाल्ल्या, आणि आज ते यंत्रावर वाचताना कोणते अवधान ठेवावे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. वऱ्हाडच्या भूमीचा ह्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे आणि तो आपणा वऱ्हाडकरांनाही फारसा ठाऊक नाही, म्हणून तो सांगण्याचे मी योजिले आहे.

अक्षांश आणि रेखांश ही जोडी सख्ख्या भावंडांसारखी दिसते. पण दोघांचा स्वभाव अगदी भिन्न आहे. अक्षांश निसर्गानेच दिलेला आहे. विषुववृत्त कोठे आहे हे कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो एवढे मोजले की आपला अक्षांश बहुतांशी कळतो. रेखांशाचे तसे नाही. पृथ्वी अखंड फिरत असल्यामुळे आकाशातील कोणतीही खूण रेखांश सरळपणे सांगत नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. तेव्हा दोन गावांच्या मध्यान्हात किती मिनिटांचे अंतर आहे हे कळले, तरच त्यांच्या रेखांशांतील अंतर कळावयाचे. थोडक्यात, अक्षांश हा कोनाचा प्रश्न आहे आणि रेखांश हा वेळेचा प्रश्न आहे. पुढील सर्व कहाणी ह्या एका वाक्यात सामावलेली आहे.

आपल्या पूर्वजांना हे उत्तम अवगत होते. जुन्या पंचांगांत गावोगावची 'पलभा' आणि 'देशांतर' दिलेले असे. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळे उंचीच्या शंकूची जितकी अंगुळे छाया पडते ती त्या गावाची पलभा. नांदगाव खंडेश्वरी ती सुमारे साडेचार अंगुळे भरते. हा अक्षांशच होय. केवळ अंशांऐवजी अंगुळांत सांगितलेला. देशांतर म्हणजे मध्यरेषेपासूनचे अंतर. ही मध्यरेषा आपल्या सिद्धांतग्रंथांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र ह्यांवरून मेरूपर्यंत नेलेली आहे. आज ग्रीनिचला जो मान आहे तो त्या काळी उज्जयिनीला होता. आमचे गाव उज्जयिनीच्या पूर्वेस दोन अंशांहून किंचित अधिक आहे. म्हणजे उज्जयिनीच्या आधी सुमारे साडेआठ मिनिटे, जुन्या मापाने २१ पळे, येथे मध्यान्ह होतो. पंचांगकर्ता हा संस्कार दिल्यावाचून आपल्या गावचे गणित पुरे करीत नसे.

ही विद्या दूर कोठेतरी होती असेही समजू नये. खंडेश्वराचे हेमाडपंती देवालय ज्या यादवकाळाची आठवण देते, त्याच यादवांच्या पदरी भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ स्थापिला, त्याचा शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. एकाच मध्यरेषेवरील दोन नगरांच्या अक्षांशांतील फरक आणि त्यांमधील योजने ह्यांवरून पृथ्वीचा परीघ कसा काढावा, हे स्वतः भास्कराचार्यांनी सांगून ठेविले आहे.

मग अडचण होती ती कोठे? अडचण होती घड्याळाची. दोन गावांची वेळ एकमेकांशी ताडून पाहावयाची तर दोन्हीकडे एकाच क्षणी दिसणारी खूण हवी. अशी खूण म्हणजे चंद्रग्रहण. ग्रहणाचा स्पर्श सर्वत्र एकाच क्षणी होतो. उज्जयिनीसाठी गणिताने आलेली वेळ आणि आपल्या गावी घटिकापात्राने मोजलेली वेळ ह्यांतील अंतर तेच देशांतर. युक्ती निर्दोष आहे. परंतु पृथ्वीच्या छायेची कड धूसर असते, आणि पाण्यात बुडणाऱ्या पात्राने पळे नेमकी मोजणे कठीण. एक पळ म्हणजे २४ सेकंद. तेवढी चूक झाली की आमच्या अक्षांशावर गाव दहा किलोमीटर सरकते. पलभेत अंगुळाच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली, तर पंचेचाळीस किलोमीटर! पंचांगाच्या कामाला एवढी सूक्ष्मता पुरेशी होती. मोटार दारात आणून उभी करावयाला ती पुरेशी नव्हती.

युरोपातील दर्यावर्दी राष्ट्रेही ह्याच खडकावर आपटत होती. तेथे अखेर जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या मुलाने समुद्रावर चालेल असे घड्याळ तयार केले. १७६१ साली निघालेल्या जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांत ते अवघे पाच सेकंद मागे पडले. समुद्राचा प्रश्न सुटला. पण खंडाएवढ्या देशात गावोगाव असे घड्याळ नेऊन बसविणे शक्य नव्हते. जमिनीसाठी निराळी तोड काढावी लागली, आणि येथून आपल्या वऱ्हाडाचा संबंध सुरू होतो.

१८०२ साली विल्यम लॅम्बटन ह्या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी शंभर फुटी पोलादी साखळीने काही मैलांची एक सरळ रेषा अतिशय काळजीपूर्वक मोजली. त्या पायारेषेच्या दोन्ही टोकांपासून दूरच्या टेकडीचे कोन घेतले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर त्यापुढचा. अशी त्रिकोणांची साखळी कन्याकुमारीकडून उत्तरेस, ७८व्या रेखांशाच्या आसपास, देशाच्या कण्यासारखी सरकू लागली. तिला पुढे 'ग्रेट आर्क', म्हणजे महाचाप, हे नाव पडले. कोन मोजण्याचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या उंच गोपुरावर तो चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे खपून ते स्वहस्ते पूर्ववत केले आणि काम पुढे चालू ठेविले.

१८१८ मध्ये ह्या मोहिमेस 'ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे' असे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण साहाय्यक तीत दाखल झाला. निजामाच्या मुलखातून साखळी वऱ्हाडात आली. अचलपुराच्या दक्षिणेस टाकरखेडा येथे तिचे एक मुख्य ठाणे झाले. एव्हरेस्टच्या इंग्रजी ग्रंथांत ते 'टाकल खेरा' ह्या अपभ्रष्ट रूपात वाचावयास मिळते. नांदगाव खंडेश्वरापासून ते चाळीस-पन्नास किलोमीटरांवर असेल. आर्कची रेषा आमच्या गावाच्या पश्चिमेस काही कोसांवरून गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

लॅम्बटनला हे काम पुरे झालेले पाहावयास मिळाले नाही. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादेहून नागपुराकडे जात असता हिंगणघाट येथे मुक्कामातच त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथे आहे. हिंगणघाट आमच्या गावाच्या पूर्वेस, जवळजवळ त्याच अक्षांशावर, सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. ज्याने उभा देश मापला तो त्या मापाच्या मध्यावरच विसावला. त्याच्याबरोबर ध्वज घेऊन टेकड्यांवर उभे राहणारे, यंत्रे खांद्यावर वाहणारे, जंगले तोडून दृष्टिरेषा मोकळ्या करणारे शेकडो हिंदी लोक होते. हिवतापाने आणि वाघांनी त्यांतील कितीक नेले. त्यांच्या कबरी वा समाध्या कोणी बांधिल्या नाहीत. पण नकाशावरील प्रत्येक बिंदूत त्यांचा वाटा आहे, हे आपण विसरता कामा नये.

पुढचे काम एव्हरेस्टने उचलले. तापाने जर्जर होऊनही त्याने साखळी वऱ्हाडातून सिरोंजपर्यंत नेली, १८२५ साली तो विलायतेस गेला, आणि १८३० मध्ये त्याने १८ अंश ३ कला ते २४ अंश ७ कला ह्या अक्षांशांमधील चापाच्या मापनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आमचे नांदगाव ह्या दोन अक्षांशांच्या बरोबर मधल्या पट्ट्यात पडते. ह्या मापनातून पृथ्वीच्या आकाराचा जो अंदाज निघाला, त्यावर हिंदुस्थानचे नकाशे पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ आधारलेले राहिले.

त्रिकोणांच्या साखळीने गावागावांतील अंतरे अचूक मिळाली. परंतु सबंध साखळी पृथ्वीवर नेमकी कोठे टांगावयाची, हे तिला स्वतः सांगता येत नव्हते. त्यासाठी मद्रास वेधशाळेचे रेखांश हवे होते आणि तो पुन्हा वेळेचाच प्रश्न! मद्रासची वेळ गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांवरून ग्रीनिचशी ताडली गेली होती. त्यावरून मद्रासचे रेखांश ८० अंश १७ कला २१ विकला मानून असंख्य नकाशे छापले गेले. पुढे तारायंत्र आले आणि दूरदूरच्या वेधशाळांची घड्याळे विजेच्या खुणेने क्षणार्धात एकमेकांशी लावता येऊ लागली. तेव्हा आढळून आले की मद्रासचे रेखांश ८० अंश १५ कलांहूनही किंचित कमी आहे. सुमारे अडीच कलांची ही चूक वेळेत मोजली तर जेमतेम दहा सेकंद भरते. पण त्या दहा सेकंदांनी वऱ्हाडातील प्रत्येक गाव नकाशावर चार किलोमीटरांहून अधिक पूर्वेस नेऊन ठेविले होते. जुन्या ग्रंथांतील रेखांश आजच्या यंत्रात घालून आपल्या पणजोबांची शेते शोधू पाहणाऱ्याने हे ध्यानात धरावे.

आरंभ कोठून मोजावयाचा, ह्याविषयी राष्ट्रांत एकमत नव्हते. १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेने ग्रीनिचची रेषा शून्य ठरविली. आपल्या देशात १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० कला रेखांशाची वेळ प्रमाण मानली गेली. त्यामुळे आमच्या गावी सूर्य डोक्यावर येतो तेव्हा, वर्षाची सरासरी धरता, मनगटावरील घड्याळात बारा वाजून अठरा मिनिटे झालेली असतात. हे अठरा मिनिटांचे अंतर म्हणजे आमचे रेखांशच होय.

आता मोटारीतील यंत्राकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की आकाशातून कोणी उपग्रह आपल्या मोटारीला पाहत असतो. तसे काही नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे किमान चोवीस उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात आणि प्रत्येक जण अखंड एवढेच सांगतो की, 'मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत.' हा निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो. डोक्यावरील उपग्रहापासून येण्यास त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा हिस्सा लागतो. निरोप किती उशिरा पोचला ह्यावरून यंत्र अंतर काढते. तीन अंतरांवरून ठिकाण निश्चित होते. चौथा उपग्रह कशाला? मोटारीतील यंत्राचे घड्याळ साधे असते, त्याची चूक शोधून काढावयाला! लॅम्बटनप्रमाणेच येथेही बाजू आणि त्रिकोण आहेत. केवळ साखळीची जागा घड्याळाने घेतली आहे.

आणि घड्याळ तरी कसले! सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाची चूक झाली की अंतर तीनशे मीटरांनी चुकते. म्हणून उपग्रहांत आण्विक घड्याळे असतात. आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे ती घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा रोज सेकंदाच्या दहा लाखांश ३८ भाग पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरांची तूट पडेल. जो सिद्धांत केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय समजला जात होता, तो आता भाड्याच्या मोटारीत रोज वापरला जात आहे.

ही व्यवस्था मूळची लष्करी. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सुटला. सप्टेंबर १९८३ मध्ये वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले; त्यानंतर अमेरिकेने ही सेवा नागरिकांस खुली करण्याचे जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्ण झाली. तथापि नागरी उपयोगासाठी मुद्दाम अस्पष्टता मिसळलेली असे आणि ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुके. मे २००० च्या आरंभी ती अस्पष्टता काढून टाकण्यात आली आणि मोटारीस रस्ता दाखविणे खऱ्या अर्थाने शक्य झाले. परक्याच्या घड्याळावर सर्वस्वी विसंबून राहू नये म्हणून भारतानेही २०१३ ते २०१६ ह्या काळात सात उपग्रह सोडून स्वतःची व्यवस्था उभारली. तिचे नाव नाविक. तिच्या पहिल्या उपग्रहातील तिन्ही आण्विक घड्याळे बंद पडली, तेव्हा तो उपग्रह आकाशात धडधाकट असूनही ठिकाण सांगण्याच्या कामास निरुपयोगी ठरला, आणि २०१८ मध्ये दुसरा सोडावा लागला. २०२३ साली सोडलेल्या नव्या उपग्रहात आपल्याच देशात बनविलेले आण्विक घड्याळ बसविले आहे. उज्जयिनीच्या घटिकापात्रापासून येथवर प्रश्न एकच राहिला आहे.

ह्या यंत्रावर आकडे सहसा दर्शनी दिसत नाहीत. कारण गिऱ्हाइकाला नकाशा आवडतो, आकडे आवडत नाहीत. कित्येक यंत्रांत नकाशावरील मोटारीच्या चिन्हाला बोट लावले की 'मी कोठे आहे' असे पान उघडते व त्यावर दोन्ही आकडे असतात. इतरांत ते उपग्रहांची स्थिती दाखविणाऱ्या पानावर सापडतात. आकडे घालून जाण्याचे ठिकाण ठरविण्याची सोयही बहुधा असते; ती शोधून ठेवावी.

वाचताना तीन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, क्रमाची. आधी अक्षांश, मग रेखांश. उलट घातले तर नांदगावास निघालेली मोटार, तिला शक्य असते तर, नॉर्वेच्याही उत्तरेस बर्फाच्या स्वालबार बेटांकडे गेली असती. दुसरी, लेखनपद्धतीची, आणि येथे शिकलेसवरलेले लोकही फसतात. यंत्र कधी अंश-कला-विकला दाखविते, कधी अंश व दशांश. वीस अंश बेचाळीस कला म्हणजे २०.७ अंश, २०.४२ नव्हे. कलांना दशांश समजून कोणी २०.४२ लिहिले, तर तो आमच्या गावाच्या सुमारे एकतीस किलोमीटर दक्षिणेस, यवतमाळ जिल्ह्यात जाऊन पोचेल. आणि यंत्र त्याला मोठ्या आत्मविश्वासाने सांगेल की आपण इष्ट स्थळी आला आहात! तिसरी गोष्ट, आधाराची. जुने सरकारी नकाशे एव्हरेस्टच्या पृथ्वीवर आधारलेले आहेत, यंत्र आधुनिक जागतिक मापावर. दोहोंतील फरक शंभर मीटरांहूनही अधिक असू शकतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुले असलेले नकाशे जागतिक मापावर काढले जातात. मोठी गंमत अशी की, खुद्द ग्रीनिच येथे पितळी शून्यरेषेवर उभे राहिले तरी यंत्र शून्य दाखवीत नाही. त्याचे शून्य तेथून सुमारे १०२ मीटर पूर्वेस आहे.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत आकडा घेतला तर तो अकरा मीटरांच्या आत नेतो, पाचव्यापर्यंत घेतला तर सव्वा मीटरांच्या आत. यंत्राचीच चूक काही मीटरांची असते, म्हणून पाच स्थाने पुष्कळ झाली. आपल्या घराच्या, शेतावरील वस्तीच्या, गावाकडे राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांच्या अंगणात मोकळ्या आकाशाखाली उभे राहून हे दोन आकडे एकदा घ्यावेत. 'उत्तर' आणि 'पूर्व' हे शब्द त्यांपुढे लिहावेत. आणि दूरध्वनीशेजारच्या भिंतीवर, जेथे घाबरलेल्या माणसालाही दिसतील अशा जागी, मोठ्या अक्षरांत लावून ठेवावेत. गावाचे नाव सांगताना माणसाची जीभ अडखळेल, ऐकणाऱ्याला दुसरेच नांदगाव वाटेल. आकड्यांना मात्र जुळे भाऊ नाहीत.

ज्या दोन आकड्यांसाठी आपल्या ज्योतिषांनी ग्रहणाच्या रात्री जागविल्या आणि ज्यांच्या मार्गावर हिंगणघाटास एक माणूस कायमचा विसावला, ते आज आपल्याला बोटाच्या एका स्पर्शाने मिळतात. ते कागदावर उतरून घेण्यास पाच मिनिटे पुरतात. तेवढी पाच मिनिटे आपण काढावीत, एवढे विनवून मी आपली रजा घेतो.